झडीच्या पावसातलं हिम

मे संपत आला की आमच्याकडे आंबा ओसरतो, लाकूडफाटा पडवीत रचून होतो, आणि एखाद्या रात्री चंद्राला खळं पडतं. वाडीत ते कुणाच्या ना कुणाच्या नजरेला येतंच. "खळं पडलंय, पाऊस काही लांब नाही," असं म्हणत जुनी माणसं शाकारणी राहिलेल्यांच्या मागे लागतात. हात ताठ लांब धरून वीत पसरावी, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवावं, म्हणजे करंगळी साधारण खळ्याच्या कडेवर येते. हे अंतर २२ अंशांचं. ते दर वेळी तेवढंच भरतं, कारण ते बर्फाच्या षटकोनी स्फटिकाने ठरवलेलं आहे. स्फटिकाच्या एका बाजूने शिरलेला प्रकाश मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडतो, तेव्हा तो कमीत कमी २२ अंशांनी वळतो. म्हणजे खळं दिसलं की आपल्या आणि चंद्राच्या मध्ये बर्फ आहे, यात शंका नाही. खाली अंगणात बसलेली माणसं घामाने निथळत असतात आणि त्यांच्या डोक्यावर आठ-दहा किलोमीटरवर बर्फाचे कण तरंगत असतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. हिम, हिमवादळ, हिमस्फटिक हे सगळं कोकणातल्या मुलांना सिनेमातलं किंवा सहलीतलं वाटतं. दहा वर्षांचा मुलगा काश्मीरला जाऊन आला तर महिनाभर तेच सांगत असतो. पण ज्या पावसाला आपण झड म्हणतो, दिवसरात्र एकसुरी लागलेला, वारा नाही, गडगडाट नाही, पागोळ्यांची धार तुटत नाही असा पाऊस, त्यातले बहुतेक थेंब अर्ध्या वाटेपर्यंत हिम असतात. हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ती अमेरिकेत हवामानशास्त्रात संशोधन करते आणि तिचा विषय आहे हिवाळी वादळांमध्ये हिम कसं जन्मतं, वाढतं आणि कुठे जास्त पडतं, हे रडारने शोधणं.

जुलैतल्या एका रात्री फोनवर बोलताना तिने विचारलं, "मामा, वारा पडलाय का? सरी येऊन-जाऊन आहेत की एकसारखा लागलाय?"

म्हटलं, "दुपारपासून झड आहे. आई म्हणते, आता सकाळशिवाय उघडीप नाही."

"मग तुझ्या घरावर आत्ता हिम पडतंय. पाच किलोमीटरपर्यंत हिम, तिथून खाली पाऊस."

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "असेल हो. पावसाचं पाणी तोंडावर घेतलं की जिवाला गार वाटतं ते काय उगाच?" त्या गारव्याची कारणं आणखीही आहेत. पण आईने हे ज्या सहजपणे मान्य केलं, तसं मान्य करायला मला पुष्कळ वाचावं लागलं. वाचलं त्याची गोडी अजून गेलेली नाही.

ढगाच्या वरच्या भागात तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, तरी तिथलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. पाण्याचे अतिबारीक थेंब थंडीत गेले म्हणून लगेच बर्फ होत नाहीत. ज्याच्या आधाराने गोठावं असा योग्य कण, धुळीचा म्हणा, मिळाला नाही तर ते उणे ३८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत द्रवच राहू शकतात. अशा अतिशीत थेंबांच्या गर्दीत बर्फाचा एखादा कण तयार झाला की गर्दीचं चित्र बदलतं. बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पुरती भरल्यावरचा बाष्पाचा दाब, त्याच तापमानाच्या पाण्यावरच्या दाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे जी हवा थेंबांच्या हिशेबाने जेमतेम भरलेली असते, ती बर्फाच्या हिशेबाने ओसंडत असते. बाष्प बर्फावर बसत जातं आणि भोवतालचे थेंब आटत जातात. खंड सरकतात असं सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांनीच १९११ साली ही शक्यता मांडली होती. पुढे १९३०च्या दशकात स्वीडनचे टोर बर्गेरॉन आणि जर्मनीचे वाल्टर फिंडाइझेन यांनी त्यावर पावसाचा सिद्धान्त उभा केला.

उणे १५ अंशांच्या आसपास ही वाढ फार जोरात होते आणि तिथेच सहा फांद्यांच्या नक्षीदार चांदण्या तयार होतात. कोणत्या तापमानाला आणि किती बाष्पात कोणता आकार येतो, हे जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी होक्काइदोच्या प्रयोगशाळेत शोधून काढलं. १९३६ साली त्यांनी तिथे पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. उणे १५ अंशांची ही पातळी पावसाळ्यात कोकणावर साधारण साडेसात किलोमीटरवर असते. म्हणजे होक्काइदोच्या हिवाळ्यात जमिनीजवळ जे घडतं, ते इथे जुलैत कळसूबाईच्या साडेचारपट उंचीवर घडत असतं.

या चांदण्या सुट्या राहत नाहीत. सड्यावरच्या गवतातून चालताना कुसळं जशी कपड्याला आणि एकमेकांना धरतात, तशा त्यांच्या फांद्या एकमेकींत अडकतात आणि पुंजके बनतात. खाली येता येता तापमान शून्याजवळ आलं की पृष्ठभाग चिकट होतो, पुंजके आणखी मोठे होतात, आणि मग ते शून्याची रेषा ओलांडतात. पावसाळ्यात आपल्याकडे ही रेषा साधारण पाच किलोमीटरवर, कधी थोडी वर असते. सांताक्रूझहून आणि गोव्याहून रोज तापमान मोजणारे हवामानाचे फुगे सोडले जातात, त्यांच्या नोंदींत ती आकड्यासकट सापडते.

या रेषेच्या खाली जे होतं, त्यावर रडारने हिम ओळखण्याची सगळी विद्या उभी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

हवामानाचं रडार सूक्ष्मलहरींचा झोत सोडतं आणि वाटेतल्या कणांवरून किती ऊर्जा परत आली ते मोजतं. कण तरंगलांबीच्या मानाने लहान असेल, तर परतणारी ऊर्जा त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. घात सहावा आहे, हे नीट लक्षात घ्यावं. तीन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ७२९ थेंबांइतकी ऊर्जा परत पाठवतो. दुसरी गोष्ट, बर्फ सूक्ष्मलहरींना पाण्यासारखं उत्तर देत नाही. तेवढ्याच आकाराचा बर्फाचा गोळा पाण्याच्या थेंबाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ऊर्जा परत पाठवतो. म्हणून कोरडं हिम रडारवर फिकट दिसतं. आता हिमाचा मोठा पुंजका वितळायला लागतो. त्याच्या अंगावर पाण्याचा पातळ थर येतो. आकार अजून पुंजक्याचा, पण रडारला तो पाण्याचा वाटतो. एवढा मोठा थेंब निसर्गात असूच शकत नाही. प्रतिध्वनी, म्हणजे रडारकडे परतणारी ऊर्जा, एकदम उसळतो. आणखी दोन-तीनशे मीटर खाली आलं की पुंजका पूर्ण वितळून कोसळतो, त्याचा लहानसा थेंब होतो, आणि थेंब हिमापेक्षा कितीतरी वेगाने पडत असल्याने हवेत ते विरळ होतात. प्रतिध्वनी पुन्हा उतरतो. परिणामी, पडद्यावर उभ्या छेदात पाहिलं तर शून्याच्या रेषेखाली काहीशे मीटर जाडीचा एक झगझगीत आडवा पट्टा दिसतो. त्याला सगळे ब्राइट बँडच म्हणतात.

झोत वर उचलून चहूकडे फिरवला तर हाच पट्टा कड्यासारखा गोल येतो. दहा अंशांवर झोत ठेवला तर पाच किलोमीटर उंची साधारण अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटर अंतरावर गाठली जाते. रडारभोवती तेवढ्या त्रिज्येचं पिवळं-तांबडं कडं उमटतं आणि त्याच्या बाहेर हिरवी-निळी फिकट पसरण. भाचीने पाठवलेल्या अशा एका प्रतिमेकडे मी पुष्कळ वेळ बघत बसलो होतो. कड्याच्या आत पाऊस, कड्यावर वितळणं, बाहेर हिम. एवढं सगळं एका दृष्टिक्षेपात.

ब्राइट बँड दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतच अभ्यासला जाऊ लागला. आज त्यात दोन मोठ्या सोयींची भर पडली आहे. एक म्हणजे डॉप्लर, म्हणजे कण किती वेगाने जवळ येतात किंवा दूर जातात ते मोजणं. वर तोंड करून ठेवलेल्या रडारला हिम सेकंदाला एक-दीड मीटरने उतरताना दिसतं आणि वितळताच तेच कण सेकंदाला सहा-सात मीटरने सुटतात. दुसरी म्हणजे ड्युअल पोलरायझेशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही कंपनांच्या लहरी पाठवून कणाची रुंदी-उंची ताडणं. पडणारा मोठा थेंब चपटा होतो, चांदणीसारखा स्फटिक आडवा तरंगतो, पुंजका गडगडत खाली येतो आणि रडारला जवळपास गोल भासतो. वितळणाऱ्या थरात सगळ्या तऱ्हेचे कण एकत्र असतात, म्हणून दोन्ही लहरींचे प्रतिध्वनी एकमेकांशी जुळत नाहीसे होतात. ही विजोडता हिम-पावसाच्या सीमेची सर्वांत खात्रीची खूण आहे.

हिमाच्या संथ उतरण्याचा आणखी एक परिणाम मला फार आवडतो. सात किलोमीटरवरून पाच किलोमीटरवर यायला हिमाला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढ्यात वारा त्याला कुठल्या कुठे नेतो. पावसाळ्यात कोकणावर खालचा वारा पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा. पण साधारण सहा-सात किलोमीटरच्या वर तो मंदावत पूर्वेचा होतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर तर पूर्वेकडून वाहणारा उष्णदेशीय झोतवारा असतो. म्हणजे खूप वर जन्मलेलं हिम घाटाकडून समुद्राकडे सरकत खाली येतं, मग पश्चिमेच्या वाऱ्यात शिरून परत घाटाकडे वळतं. आपल्या अंगणात पडलेला थेंब आधी समुद्राच्या दिशेने जाऊन आलेला असू शकतो.

मात्र कोकणातला सगळा पाऊस हिमातून येतो असं कुणी समजू नये. सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला पावसाळ्यातले पुष्कळ ढग बुटके असतात. समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढताना त्यात भराभर थेंब तयार होतात, एकमेकांवर आपटून मोठे होतात आणि ढग शून्याच्या रेषेपर्यंत पोचण्याआधीच किंवा तिथे जेमतेम डोकावताच पाऊस मोकळा करतात. या पावसाला बर्फाची गरज नसते. धो धो येते आणि वीस मिनिटांत ऊन पडतं, अशी सर बहुधा या जातीची. झड मात्र विस्तीर्ण, थरांच्या ढगांतून येते, आणि तिच्यात ब्राइट बँड असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची रडारं वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर आहेत. त्यातलं एक तीन सेंटिमीटर तरंगलांबीचं, दुसरं साधारण साडेआठ मिलिमीटरचं, नुसता ढगही टिपणारं. महाबळेश्वरला त्याच संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, तिथे थेंबांची मापं घेतात. घाटाच्या ढगांची ही जातवारी तिथल्या नोंदींतून बरीच स्पष्ट झाली आहे. काळूबाईच्या डोंगरावरून कोकणाकडे कुणीतरी सतत बघत असतं, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आमच्या मुलांकडे रडार नाही, पण परात आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँटचे विल्सन बेंटली हे शेतकरी गृहस्थ. हिमस्फटिकाचा सूक्ष्मदर्शकातून पहिला फोटो त्यांनी १८८५ साली काढला आणि पुढे पाच हजारांवर फोटो काढले. याच माणसाने पावसाचे थेंबही मोजले, आणि ते पिठात. ती रीत मी मुलांना दाखवतो. परातीत बोटभर जाडीचा मैद्याचा थर चाळून घ्यायचा, वर झाकण ठेवून अंगणात जायचं, झाकण तीन-चार सेकंद बाजूला करायचं आणि परत घरात. प्रत्येक थेंब पिठात आपली गोळी करतो. पीठ सुकू द्यायचं, बारीक गाळणीने चाळायचं, उरलेल्या गोळ्या आकाराप्रमाणे लावायच्या. गोळी थेंबाहून किंचित निराळ्या मापाची येते, म्हणून आधी ड्रॉपरने ठरावीक आकाराचे थेंब पाडून ताळा घ्यावा लागतो. मुलींनी हे काम फार निगुतीने केलं. घाटाखालच्या गावातून येणाऱ्या एका मुलीने धुक्यातल्या बारीक पावसाची परात आणली होती, तिच्यात मोहरीहून मोठी गोळी शोधावी लागत होती. झडीच्या परातीत गोळ्या कमी होत्या, पण त्यांत वाटाण्याच्या निम्म्या आकाराच्या सहज सापडत होत्या. हिमाच्या मोठ्या पुंजक्यांतून आलेले थेंब तेवढ्याच पावसात संख्येने कमी आणि आकाराने मोठे असतात, हे पुस्तकात आहेच. पण बाकावर कागद पसरून गोळ्यांच्या रांगा लावताना मुलांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पुस्तकाने आलं नसतं.

आता भाचीच्या हिवाळी वादळांकडे येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात मोठी चक्री वादळं येतात. त्यांतलं हिम सगळीकडे सारखं पडत नाही. लांबट, अरुंद पट्ट्यांत पडतं. एक पट्टा एखाद्या गावावर तासन्तास ठाण मांडतो आणि ते गाव कमरेइतक्या हिमात जातं, शेजारच्या तालुक्यात मात्र रस्ते चालू. असं का होतं, हे शोधायला नासाने 'इम्पॅक्ट्स' नावाची मोहीम २०२०, २०२२ आणि २०२३ च्या हिवाळ्यांत चालवली. मधलं वर्ष करोनामुळे गेलं. ईआर-२ हे विमान वीस किलोमीटरवरून, वादळाच्याही वरून, खाली रडार रोखून जायचं, आणि त्याच रेषेत खाली पी-३ हे दुसरं विमान ढगात शिरून प्रत्यक्ष कणांच्या प्रतिमा घ्यायचं. वरच्या विमानावर दोन-तीन सेंटिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या तरंगलांब्यांची रडारं होती. त्यामागचं कारण मार्मिक आहे. हिमाचा पुंजका लहान तरंगलांबीच्या मानाने मोठा झाला की व्यासाच्या सहाव्या घाताचा नियम तिथे टिकत नाही, त्या लहरीचा प्रतिध्वनी मागे पडतो. लांब लहरीचा मात्र वाढतच राहतो. दोघांतली तफावत किती, यावरून पुंजके किती मोठे झाले ते कळतं. ढगाच्या माथ्यावर लहान लहान उसळ्या मारणाऱ्या जागांमधून हिमाच्या तिरक्या धारा खाली लोंबताना या रडारांना दिसतात.

"पण तुझं काम माझ्यापेक्षा सोपं आहे, मामा," भाची एकदा म्हणाली. "तुमची शून्याची रेषा पाच किलोमीटरवर ठाम असते. आमची जमिनीवर येऊन टेकते. दोनशे मीटर इकडे-तिकडे झाली की हिमाऐवजी पाऊस, नाहीतर जमिनीला लागताच गोठणारा पाऊस. शाळा बंद ठेवायच्या की नाही, ते त्या दोनशे मीटरवर ठरतं."

तिचं म्हणणं खरं आहे. हिमालयातही तेच. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, आला की काश्मीर-हिमाचलात हिम की पाऊस, हा प्रश्न याच रेषेचा असतो, आणि त्यासाठी हवामान खात्याची कुफरी, मुक्तेश्वर अशा ठिकाणी रडारं आहेत. आंब्याच्या बागायतदाराला या विक्षोभांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. ते पुढे सरकले की उत्तरेची थंडी खाली उतरते आणि डिसेंबर-जानेवारीत हापूसला मोहोर धरतो.

मात्र आपली रेषा ठाम असली तरी आपला प्रश्न निराळा आणि तितकाच अवघड आहे. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळते. क्षितिजाच्या अर्धा अंश वर सोडलेला झोत शंभर किलोमीटरवर दीड किलोमीटर उंच असतो. कुलाब्याच्या रडारपासून रत्नागिरी सुमारे २२० किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत झोताचा मध्य पावणेपाच किलोमीटरवर गेलेला असतो, म्हणजे नेमका ब्राइट बँडमध्ये. शिवाय झोत एक अंश रुंद धरला तर तिथे त्याची जाडीच पावणेचार किलोमीटर होते. तीन किलोमीटरपासून साडेसहा किलोमीटरपर्यंतचा पाऊस, वितळणारं हिम आणि कोरडं हिम एकाच आकड्यात मिसळतात. जमिनीलगत काय चाललंय ते झोताच्या खालीच राहतं.

यातून आकडे दोन्हीकडून बिघडतात. प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं सर्वांत परिचित सूत्र मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली कॅनडात दिलं. तेही रंगवलेल्या गाळणकागदावर थेंबांचे डाग मोजूनच. त्या सूत्रात ब्राइट बँडमुळे प्रतिध्वनी नुसता पाच डेसिबलने फुगला, तरी पाऊस दुप्पट दिसतो. उलट, बुटक्या ढगातून घाटाखाली कोसळणारा पाऊस झोताच्या खाली राहिला तर तो कमी दिसतो किंवा दिसतच नाही. एकाच रात्री दोन्ही घडू शकतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं. चिपळूण कुलाब्याहून सुमारे १७० किलोमीटर, झोताची उंची तीन किलोमीटरच्या वर. गोव्याहून पाहिलं तर सुमारे २३० किलोमीटर आणि उंची पाच किलोमीटर, पुन्हा वितळणाऱ्या थरातच. ही नुसती भूमिती आहे, यात कुणाचा दोष नाही. पण ही भूमिती नकाशावर मांडून पाहिल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे. कोकणाला दूरची ताकदवान रडारं पुरणार नाहीत. खाडीच्या मुखांजवळ आणि घाटाच्या पायथ्याशी कमी पल्ल्याची, पण दाट, ड्युअल पोलरायझेशनची रडारं हवीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आहे, अंधेरीजवळ वेरावलीलाही आहे. हीच निकड कोकणच्या बाकीच्या नद्यांनाही आहे, आणि त्यांच्या काठची माणसं मुंबईतल्या माणसांपेक्षा कमी मोलाची नाहीत.

आणि ढगाच्या वरच्या अर्ध्या भागाचा अभ्यास हा आपला विषय नाही, असं तर कुणी म्हणूच नये. याचं सर्वांत मोठं कारण हस्ताच्या पावसात दिसतं.

जुलैच्या झडीत आमच्याकडे वीज क्वचित कडाडते. पाऊस प्रचंड, पण आभाळ मुकं. सप्टेंबर संपता संपता मात्र दुपारनंतर घाटावरून काळे ढग उतरतात आणि पाऊस थोडा असला तरी विजांनी जीव नकोसा होतो. फरक बर्फाचा आहे. जुलैतल्या ढगांत हवा हलकेच वर चढते, शून्याच्या रेषेच्या वर अतिशीत पाणी फार पोचत नाही. परतीच्या पावसाच्या ढगात हवा जोरात वर फेकली जाते, अतिशीत पाण्याचे थेंब सात-आठ किलोमीटरवर जातात आणि हिमकणांवर आदळून जागीच गोठतात. त्यातून ग्रॉपेल तयार होतं, साबुदाण्याएवढ्या मऊ गारा. हे जड कण खाली येतात, हलके स्फटिक वर जातात, वाटेत घासतात, आणि त्या घर्षणात विद्युतभार वेगळे होतात. कोट्यवधी टकरींनंतर वीज पडते. म्हणून वीज ओळखायची तर ढग किती काळा आहे यापेक्षा तो किती उंचीपर्यंत भरीव आहे ते पाहावं. उणे दहा अंशांच्या पातळीवर, आपल्याकडे साधारण पावणेसात किलोमीटरवर, रडारचा प्रतिध्वनी ४० डीबीझेडच्या (प्रतिध्वनीचा जोर मोजायचं एकक) आसपास पोचला की विजा लवकरच सुरू होण्याची शक्यता मोठी असते. बऱ्याचदा पहिली वीज पडण्याआधी थोडी मिनिटं हाताशी मिळतात.

तेच दिवस भातकापणीचे असतात. माणसं मोकळ्या शेतात वाकलेली, हातात लोखंडी विळा, बांधावर एखादं उंच झाड. पाऊस आला की सगळी त्या झाडाखाली धावतात. कापलेलं भात भिजू नये म्हणून शेवटची पेंढी उचलेपर्यंत कुणी हलत नाही. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे आणि दर वर्षी छातीत धस्स होतं. 'दामिनी' हे मोबाइलवरचं ॲप पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं आहे. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते इशारा देतं. कॉलेजातल्या मुलांनी आपापल्या वाड्यांत ते घरोघरी घालून दिलं. पण शेतात मोबाइल नेणारे थोडे, आणि नेला तरी चिखलाच्या हाताने तो बघायचा कोण? म्हणून आमच्या वाडीत ठरलं आहे की घरी असलेल्याने इशारा पाहायचा आणि शाळेची घंटा सलग वाजवायची. घंटा ऐकली की विळा तिथेच टाकायचा, झाडाखाली थांबायचं नाही, पेंढ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, आणि जवळच्या पक्क्या घरात यायचं. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय कुणी परत शेतात उतरायचं नाही.